सकारण लिहा

अकरा वाजून दहा मिनिटांनी नववीच्या वर्गात चिठ्ठ्यांची पेटी उघडली. नऊ चिठ्ठ्या निघाल्या. एक लाल शाईतली होती.

पेटी उघडणारी मुलगी अकरावीतली. वडिलांचं औषधांचं दुकान, म्हणून शाळाभर तिचं नाव गोळी. शरीर, पाळी, आजार यांबद्दल मोठ्या मुलांनी लहान वर्गांशी बोलायचं, हा उपक्रम तिने मुख्याध्यापिकांच्या मागे लागून पदरात पाडून घेतला होता. तीन तासिका मिळाल्या होत्या आणि आजची शेवटची. पुढे चालू ठेवायचं की गाशा गुंडाळायचा, ते मागच्या बाकावर बसलेल्या जीवशास्त्राच्या सरांच्या अहवालावर ठरणार होतं. आणि सर तर असे, की पुनरुत्पादनाचा धडा आला की गेली अठरा वर्षं "हा घरी वाचा" म्हणून पान उलटत आले होते.

नियम दोनच. चिठ्ठी कोणाची ते शोधायचं नाही. चिठ्ठी शब्दशः वाचायची. दुसरा नियम सरांचाच; शब्द गाळला की अर्थ बिघडतो, असं त्यांचं म्हणणं.

पेटी पूर्वी तक्रारींची होती आणि आठवडाभर जिन्याखाली टांगलेली असायची. त्यामुळे पहिली चिठ्ठी निघाली, "नळाला पाणी येत नाही."

"याचं उत्तर शिपाईमामा देतील," गोळी म्हणाली.

दुसरी, "एका ग्लासातलं पाणी प्यायल्याने एचआयव्ही होतो का?"

"नाही."

"आधी पाणी तर येऊ दे नळाला!" पहिल्या बाकावरून वकील म्हणाला. हा नववीतला, ऊठसूट हरकत घ्यायचा, म्हणून वकील.

तिसरी, "कंडोमची तारीख संपते का?"

"संपते. पाकिटावर छापलेली असते. आमच्या दुकानात दर महिन्याला तपासतात."

"ताई, तू तपासतेस?" वकिलाने विचारलं.

"मी तपासते. तुझ्या खोकल्याच्या औषधाचीही."

मग तिने लाल शाईची चिठ्ठी उलगडली. "घरी आई नसल्यास वडिलांनी अकरा वर्षांच्या मुलीला पाळीविषयी कसे सांगावे? सकारण लिहा. (२ गुण)"

गोळीने ती आधी मनातच वाचली. असा प्रश्न लिहिणारा माणूस शाळेत एकच होता. मागे सर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर भिंतीशिवाय काही नव्हतं. शेवटची ओळ वाचली तर वर्गाची हसून हसून मुरकुंडी वळणार, सरांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही. नाही वाचली, तर नियम मोडला, तोही सरांच्या डोळ्यांदेखत.

तिने "कसे सांगावे" इथे वाचन थांबवलं.

"हरकत!" वकील उठला. "आपल्यात बाप कोण झालंय?"

वर्ग खदखदला. सरांचे कान शाईच्या रंगाचे झाले.

"कोणी लिहिलं ते विचारायचं नाही. खाली बस."

"पण चिठ्ठी मोठी दिसतेय, ताई. वाचलीस अर्धीच."

"माझे डोळे, माझी चिठ्ठी. उत्तर ऐकायचंय की नाही?" ती सगळ्यांकडे बघत बोलली, फक्त मागच्या बाकाकडे नाही. "पाळी सुरू व्हायच्या आधी सांगायचं, नंतर नाही. नाहीतर पोरगी घाबरते, तिला वाटतं काही लागलंय. पॅड कुठे ठेवलेत ते दाखवायचं, कसं वापरायचं ते पाकिटावर दोघांनी मिळून वाचायचं. धडा शिकवल्यासारखं बोलायचं नाही. पहिलं वाक्य चुकलं तरी चालतं. आणि घरी वाच म्हणून पुस्तक हातात द्यायचं नाही."

शेवटचं वाक्य तोंडातून निसटल्यावर तिने जीभ चावली. चिठ्ठीचे चार तुकडे करून खिशात टाकले. घंटा झाली. सर निघून गेले.

त्या दिवशी जेवताना वडील म्हणाले, "तुमचे जीवशास्त्राचे सर आले होते. पॅडची दोन पाकिटं घेतली. मी नेहमीसारखी कागदात गुंडाळायला घेतली, तर म्हणाले, राहू द्या, अशीच द्या. अख्ख्या बाजारातून हातात धरून नेली की गं!"



शनिवारी दुपारी ती कार्यालयात गेली. अहवाल आल्याचं कारकूनकाकांनी सांगितलं. त्यांनी तो अर्थातच वाचलेला होता. बाकी रकाने भरलेत. "चिठ्ठ्या शब्दशः वाचल्या का?" यापुढे लाल शाईत "हो" लिहून खोडलंय, "नाही" लिहून तेही खोडलंय. मुख्याध्यापिका सोमवारी येणार आहेत, उपक्रमाचं काय ते तेव्हाच ठरेल.