अडीच टनांची तूट

माया गजभिये तहसील कचेरीत क्लार्क होती आणि दुसऱ्याच्या अर्जात त्रुटी काढण्यात तिचा हात कोणी धरला नसता. हे जोडलं नाही, ते साक्षांकित नाही, उद्या या. आता तीच माया महिनाभर दुसऱ्या एका कचेरीच्या पायऱ्या झिजवत होती. करावं तसं भरावं म्हणतात ते तिला पटायला लागलं होतं. पटलं म्हणून संताप कमी होतो असं मात्र नाही.

भानगड विहाराची होती. इंदोऱ्याकडच्या त्यांच्या वस्तीतला विहार दीक्षेनंतरच्या वर्षांतला. वस्तीतल्या बायामाणसांनी डोक्यावर विटा वाहून बांधलेला. भिंतींना पोट आलं, छत गळायला लागलं, तेव्हा बुद्धपौर्णिमा झाली की तो पाडायचा आणि नवा उभारायचा असं ठरलं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारी खेड्यापाड्यांतली माणसं दरवर्षी याच विहारात उतरत. लेकुरवाळ्या बाया, म्हातारीकोतारी. यंदाही त्यांच्या डोक्यावर छप्पर असेल, असा शब्द मायानं समितीची सचिव म्हणून भर बैठकीत दिला होता.

आणि तिनंच नियमाची कास धरली. पाडकामाचा मलबा हल्ली वाटेल तिथे टाकता येत नाही. ॲपवर नोंद करायची, ढिगाचा जागेवरूनच फोटो काढायचा, टिप्पर कुठून कुठे गेला हे महापालिकेच्या कचेरीतल्या पडद्यावर दिसतं, मलब्याच्या केंद्रावर काट्यावर वजन होतं. ॲपनं आधी काढलेला अंदाज आणि काट्यावरचं वजन जुळलं की हिरवी खूण. हिरवी खूण आली तरच पायाची परवानगी. शेजारचे बिल्डर अंधारात नाल्यात मलबा ओतून मोकळे होतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण माया म्हणाली, आपलं काम चोख. आता चोख काम करणारी तेवढी अडकली होती. तिच्या नावापुढे लाल फुली होती आणि खाली लिहिलं होतं, अडीच टन कमी.

हे अडीच टन गेले कुठे, ते मायाला पक्कं माहीत होतं. पाडायच्या दिवशी तिचाच जीव भरून आला आणि ती बोलून गेली, "एकेक वीट घरी न्या, आठवण म्हणून." एकेक कसली! सासरी गेलेल्या लेकीसाठी एक, पुण्यात नोकरीला असलेल्या पोरासाठी एक, त्याच्या होणाऱ्या बायकोसाठी एक. लोकांनी सायकलींवर, लुनांवर, लेकराच्या बाबागाडीत विटा नेल्या. कोणी धुऊन बुद्धमूर्तीखाली ठेवली, कोणी थेट भिंतीत चिणली. माया डोळे पुसत पाहत उभी होती. तेव्हा एकालाही सुचलं नाही, की आपण मलबा पळवतोय.

"मॅडम, मी समजून राहिलो तुमचं," कचेरीतला हर्षित नावाचा तरुण इंजिनियर म्हणाला. पोरगा गोड होता, त्यामुळे त्याच्यावर ओरडताही येत नव्हतं. "पण सिस्टीम घेऊन नाही राहिली."

"अरे, लोकांनी श्रद्धेनं घरी नेल्या विटा. तसं लिही ना."

"तसं ऑप्शनच नाही." त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. उरलेला मलबा कुठे टाकला? नाल्यात, रस्त्यावर, मोकळ्या प्लॉटवर, इतर बेकायदा ठिकाणी. "इतर बेकायदा टाकू काय? मग नोटीस येईल, तुम्ही उत्तर द्यायचं, सुनावणी होईल."

"कधी?"

"दिवाळीनंतर पकडा."

दिवाळी दसऱ्यानंतर येते, हे त्या ॲपला कोणी सांगावं? विटा नेणाऱ्यांची घरं म्हणजे बेकायदा ठिकाणं! मायाला वाटलं, तो पडदा उचलावा आणि खाली रस्त्यावर भिरकावावा. तिनं तसं काही केलं नाही. सरकारी नोकरीत राग गिळायची सवय होते.

मग निरुपाय म्हणून ती धोंडबांकडे गेली. ते समितीचे अध्यक्ष, नव्वदीला टेकलेले. त्यांनी विटा दाराच्या उंबऱ्याशी बसवून वर सिमेंट केलं होतं. मायानं चाचरत विषय काढला, की वजनापुरत्या विटा परत मिळाल्या तर...

"वीट काहून मांगतं वं?" धोंडबा म्हणाले. "घरच ने ना पूर्न. मी जातो वाडीले, पोरीकडे."

"आबा, रागावू नका. ॲपमध्ये कमी दाखवून राहिले."

"त्या ॲपले म्हना, माह्या घरी ये. चहा पे. वीट पाय आन जाय."

ओसरीत बसलेल्या बाया खदखदून हसल्या. संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं, की माया वजनासाठी विटा परत मागते आहे. लोकांनी दारं लावून घेतली म्हणणं जास्त होईल, पण तिला पाहून बाया भिंतीपुढे सरकून उभ्या राहायला लागल्या हे खरं.

शेवटी टिप्परवाला रोशन मदतीला आला. तो वाडीचा, अमरावती रोडवरच्या गोदामांना माल पोचवणारा. "ताई, तुम्ही लय सीधे आहा," तो म्हणाला. "आमच्या रोडच्या बाजूनं मलब्याचे डोंगर पडून आहे. कोनाचा हाय, कोनाले मालूम? एक खेप आनतो. तुमच्या विहारात टाकतो, फोटो काढतो, उचलतो, केंद्रावर नेतो. काट्याले काय समजते?"

"म्हणजे दुसऱ्याची घाण आपल्या अंगणात आणायची, आणि मग आपली म्हणून न्यायची?"

"हाव. सिस्टीमले तेच पाह्यजे."

माया नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशीही नाहीच म्हणाली. मग आषाढ सरत आला, विहार पाडलेल्या जागेत गुडघाभर पाणी साचलं, मिस्त्री दुसऱ्या साइटवर जाण्याची भाषा बोलायला लागला, आणि तिनं मनाची समजूत घातली, की रस्त्यावर पडलेला मलबा केंद्रात गेला तर पर्यावरणाचं भलंच आहे. तेवढं एक खोटं पोटात घालायचं. शनिवारी सांजच्याला रोशननं खेप आणून विहाराच्या अंगणात ओतली. फोटो ॲपनं लगेच स्वीकारला. इतके दिवस खरं नाकारणाऱ्या त्या डबड्यानं खोटं कसं चटकन गिळलं, ते पाहून मायाचं डोकं उठलं. टिप्पर सकाळी भरू, असं ठरलं.

सकाळ रविवारची होती, हे दोघंही विसरले. रविवारी वंदनेला सगळी वस्ती अंगणात जमते. माया पोचली तेव्हा ढिगाभोवती झुंबड होती. पहिल्या वेळी ज्यांना विटा मिळाल्या नव्हत्या ते सगळे धावले होते. "अजून उरल्या होत्या, सांगतलंबी नाही!" असं म्हणत बाया पदरात विटा घेऊन चालल्या होत्या. वाडीच्या रस्त्यावरच्या, कोण्या दुकानाच्या की संडासाच्या, कोणास ठाऊक. माया ओरडली, "ठेवा, ठेवा त्या!" कोणी ठेवल्या नाहीत. उलट पावलं भराभर पडायला लागली.

फाटकाशी अंजनाबाई भेटली. या वस्तीची लेक, कामठीला दिलेली. तिचा बाप विहार बांधणाऱ्यांतला. पाडायच्या दिवशी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आज शेअर ऑटोनं आली होती. स्वच्छ पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली वीट तिनं लेकरासारखी छातीशी धरली होती.

"जय भीम, माया. पाय वं, माह्या नशिबात होती. माह्या बापानं वाह्यली असन, नाही काय?"

मायाला गप्प राहता आलं असतं. ॲपशी खोटं बोलताना तिची जीभ अडली नव्हती. पण या म्हातारीच्या घरात ती वीट बुद्धाखाली बसणार, तिच्यापुढे रोज मेणबत्ती लागणार, हे तिला सोसवेना.

"मावशी, ही आपल्या विहाराची नाही. बाहेरून आणलेली आहे, वजन भरायला. आपल्या विटा लाल होत्या. ही पाहा, वीजकेंद्राच्या राखेची आहे, मौद्याकडे बनते तसली. राखाडी."

अंजनाबाईनं कपडा बाजूला करून वीट पाहिली. मग मायाकडे पाहिलं.

"जुनी झाली म्हनून रंग उडला. तुह्या केसाचा नाही उडला काय?"

"मावशी, शपथेवर सांगते."

"मले सांगतलं ऑटोतच. माया वजनासाठी घरोघरी विटा मांगून राहिली म्हने. धोंडबालेबी नाही सोडलं." तिनं वीट छातीशी आणखी घट्ट धरली. "मांगाची तं सीधी मांग. माह्या बापाच्या विटेले उकिरड्याची काहून म्हनतं?"

"मी खरं बोलतेय हो!" मायाचा आवाज फाटला. आजूबाजूचे लोक थांबून पाहायला लागले. रोशन टिप्परवर बसून फोनमध्ये मान घालून राहिला. त्यानं साक्ष द्यावी म्हणून माया त्याच्याकडे पाहत होती, पण काट्यावर जायचं होतं त्याला, तो कशाला बोलेल?

अंजनाबाईनं वीट पुन्हा गुंडाळली, कपड्याला घट्ट गाठ मारली आणि ती रस्त्याला लागली. ऑटोत बसता बसता तिनं मागे वळून पाहिलं.

"दर रविवारी पंचशील म्हनतं ना वं तू? चौथं शील काय हाय, सांग बरं. खोटं बोलू नये. विहाराच्या दारात तं नाहीच नाही."

दुपारी हिरवी खूण आली. रोशननं खेप जरा जास्तच आणली होती, त्यामुळे लोकांनी उचलूनही वजन भरलं. पायाची परवानगी फोनवरच उतरली, मिस्त्री कामाला लागला, धोंडबांनी वस्तीत पेढे वाटले आणि मायाच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले, "काम सच्चं असलं का होतेच, पोरी."

मायानं पेढा हातात घेतला. तिला तो तोंडात टाकता येईना, की कोणाला देता येईना.