जोसेफभाईंच्या शर्टाची तिसरी चांदणी

मी जुनी आहे, वजनाला जड आहे आणि या घडीला चिडलेली आहे. मित्रांनो, मी कापडाची कात्री. नुसती कात्री नव्हे, कापडाची. एवढं एकच सांगणं माझं आयुष्यभर चालू आहे आणि ते कोणी मनावर घेत नाही.

माझा जन्म मेरठचा. ट्रकच्या मोडक्या कमानपाट्याचं लोखंड भट्टीत तापवून, ठोकून, घासून माझी पाती घडवली आणि मुठी पितळेच्या ओतल्या. पाती जोडल्यावर कारागिराने मला एकदा उघडून मिटलं आणि आवाज ऐकला. आवाज त्याला पसंत पडला. पुढे मी बडोद्याला आले आणि दांडिया बाजारात शिवणवर्ग चालवणाऱ्या निरुपमाताईंच्या हाती लागले.

ती माझी सुखाची वर्षं. ताईंचा नियम होता की माझ्याने कागद कापायचा नाही. कागदाने धार जाते हे शिवणारा प्रत्येकजण जाणतो. वर्गातल्या एखाद्या मुलीने चुकून कागद पुढे केला की ताई ओरडत नसत. आधी माझ्याकडे बघत, मग त्या मुलीकडे. तेवढं पुरे होई. मी परकर कापले, झबली कापली, बडोदेकर लेकींच्या लग्नातले ब्लाउज कापले. रेशमावरून चालताना माझा आवाजसुद्धा येत नसे.

ताईंची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी मला भाचीच्या, शर्वरीच्या, हाती दिलं. शर्वरी मला जपते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घर काही एकट्या शर्वरीचं नाही. घरात तिचा नवरा मुकुंदही राहतो.

हा मुकुंद मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. तिथे कोणी चुकीचा पाना उचलला तर हा त्याच्यावर डाफरतो, असं तो स्वतःच जेवताना सांगतो. घरी आला की मात्र दुधाची पिशवी माझ्याने कापतो. मसाल्याचं पाकीट, औषधाची पट्टी, चिकटपट्टी लावलेला खोका, सगळं माझ्याने. स्वयंपाकघरात दुसरी कात्री टांगलेली आहे, पण तिच्यापर्यंत जायला चार पावलं जास्त पडतात.

"अरे, ती कापडाची आहे," शर्वरी म्हणते.

"कात्री कापायलाच असते ना?" तो म्हणतो. यावर मी काय बोलणार? मला तोंड आहे, पण ते फक्त कापायला.

आता मूळ गोष्टीकडे, नाताळच्या सजावटीकडे, येते. समोरच्या फ्लॅटमध्ये रोझीबेन राहतात. मोठ्या दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या नाताळच्या झाडावरचे प्लॅस्टिकचे गोळे पिचून गेले, तेव्हा त्यांनी शर्वरीला कापडाचं काही करून देशील का म्हणून विचारलं. शर्वरीने बांधणीचे, खणाचे, जुन्या ओढण्यांचे तुकडे काढले आणि जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. घंटा झाल्या, मासे झाले, हत्तीही झाला. पण सगळ्यात अवघड चांदणी. दोन तुकडे उलटे धरून कडेने शिवायचे, मग आतल्या प्रत्येक कोपऱ्यात टाक्याच्या अगदी जवळपर्यंत बारीक चीर द्यायची. चीर कमी पडली तर सुलट केल्यावर चांदणीचा गोळा होतो, जास्त झाली तर टाका सुटतो. मग विणायच्या सुईने टोकं बाहेर ढकलायची, उशीतला कापूस भरायचा आणि रेशमी दोरा ओवायचा. ती चीर माझ्या टोकाशिवाय कोणाला जमत नाही. रोझीबेनचे यजमान जोसेफभाई खुर्चीवर चढून एकेक चांदणी स्वतः टांगायचे आणि खाली उतरून लांबून बघायचे. त्यांनी माझं कौतुक केलं नाही, पण चांदण्यांच्या टोकांचं केलं. मला ते चालतं.

यंदा श्रावणात जोसेफभाई गेले. रोझीबेनने दुःखाच्या भरात त्यांचे सगळे कपडे आठवड्याच्या आत देऊन टाकले आणि मग त्याच गोष्टीचं रडू त्यांना आवरेना. नंतर एके दिवशी इस्त्रीवाला आला. त्याच्याकडे जोसेफभाईंचा एक शर्ट राहून गेला होता. तपकिरी चौकड्यांचा, अर्ध्या बाह्यांचा. तो घेऊन रोझीबेन डिसेंबर लागताच आमच्याकडे आल्या.

"बेटा, हा एकज राहिला," त्या म्हणाल्या. "बाकी सगळे मी आपी दिधा. याच्या तीन चांदण्या कर. दोन मुलांना, एक मला. नाताळला दोघं येणार आहेत."

शर्वरीने शर्ट उजेडात धरला. पुढची बाजू खिशापाशी शाईने डागळलेली आणि पोटावर विरलेली होती. बाह्या अरुंद होत्या. धड कापड फक्त पाठीचं होतं. तिने पुठ्ठ्याची चांदणी फिरवून फिरवून पाहिली आणि जेमतेम तीन तुकडे बसवले. चांदणीची मागची बाजू लाल खणाची करायची ठरली. चुकायला मात्र जागा उरली नव्हती. मला त्या शर्टाचा फार अभिमान वाटला. इतकं मोलाचं कापड माझ्यावर कोणी कधी सोपवलं नव्हतं.

पण मित्रांनो, बडोद्यात डिसेंबर म्हणजे नुसता नाताळ नाही. बडोद्यात डिसेंबरपासून उत्तरायण, म्हणजे संक्रांतीची पतंगबाजी, चालू होतं. मुकुंदसारखी घोड्याएवढी माणसं संध्याकाळी गच्चीवर जातात, फिरकी धरतात आणि वारा नसला तरी पतंग ओढतात. शर्ट आला त्याच संध्याकाळी मुकुंद गच्चीवरून मांजाच्या गुंत्याचा मुठीएवढा गोळा घेऊन उतरला. मांजाला काच लावलेली असते. बोटं कापतात म्हणून तो बोटांना पट्ट्या लावून खेळतो. स्वतःच्या बोटांना पट्ट्या, आणि मला? टेबलावरून मला उचललं आणि गुंत्याच्या मधोमध करकचून दाबलं. एकदा नाही, सुटा दोरा हाती येईपर्यंत. माझ्या पात्याच्या मध्यभागी काचेने खाचा पाडल्या. मला जागच्या जागी ठेवून तो पतंगांना किन्ने, म्हणजे कण्या, बांधायला बसला. बोलता आलं असतं तर त्या रात्री मी घर डोक्यावर घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्वरीने शर्टाची पाठ टेबलावर पसरली. पहिल्या दोन चांदण्या तिने जीव मुठीत धरून, माझ्या टोकाने छोटे छोटे चावे घेत कापल्या. टोकाला काही झालं नव्हतं. मागे खण लावून तिने त्या लगेच शिवून सुलटही केल्या, आणि दोन्ही सुरेख उतरल्या. तिसरीच्या वेळी तिचा हात बसला होता. तिने मला पूर्ण उघडलं आणि लांब कडेवर एका दमात मिटलं. खाचेने कापड धरलं, कापड पात्यांमध्ये दुमडलं, आणि ती थांबेपर्यंत धुऊन मऊ झालेले धागे चांदणीच्या मधोमध फाटत गेले. तो आवाज मला ओळखीचा नव्हता. तो माझ्यातूनच आला होता.

शर्वरीने मला उलटं करून पात्यावरून नख फिरवलं. संध्याकाळी मुकुंद दारात असतानाच तिने विचारलं, "हिने काय कापलंस?"

"काही नाही. मांजा. थोडासा."

"काचेचा मांजा?"

तो बूट काढत राहिला. मग त्याला टेबलावरचं फाटलेलं कापड दिसलं आणि त्याने ते ओळखलं. "हे जोसेफभाईंचं?" त्याने विचारलं.  शर्वरी ते सगळं तसंच घेऊन समोरच्या फ्लॅटमध्ये जायला निघाली. जाताना मलाही उचललं, पुरावा म्हणून असेल.

रोझीबेनने दोन चांदण्या हातात घेतल्या आणि टोकांवरून अंगठा फिरवला. मग फाटलेला तुकडा पाहिला. शर्वरी म्हणाली, "चूक आमच्या घरची आहे, रोझीबेन. बाहीतून लहानशी करून देते. उद्याच देते."

"ना, ना," त्या म्हणाल्या. "मुलं दोन, चांदण्या दोन. बस झालं." त्यांनी उरलेल्या शर्टाची घडी घातली, फाटलेला तुकडा त्या घडीत ठेवला आणि शर्ट छातीशी धरला. "आता वधारे नको, आणखी कापू नको, बेटा."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या घाबरल्या होत्या, माझ्याकडे बघून.

पुढच्या रविवारी मुकुंद मला जुन्या शहरातल्या मांडवीत धार लावायला घेऊन गेला. उभा राहून त्याने काम नीट करून घेतलं. घरी येऊन त्याने मला शर्वरीसमोर ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "एकदम नवी झालीय. बघ कापून."

"आता काय कापू?" शर्वरीने विचारलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी कापडाची कात्री असेल. घाईत तिच्यावर हात गेला तर चार पावलं जास्त चाला आणि दुसरी घ्या. ती कोणाचं काय कापण्यासाठी थांबली आहे, ते तुम्हाला ठाऊक नसतं. माझी धार परत आली आहे आणि मला तिचा जराही आनंद नाही. समोरच्या घरात मुलं येऊन आपापली चांदणी घेऊन गेली. रोझीबेनच्या झाडावर त्यांची स्वतःची चांदणी नाही. ती कापायचं काम माझं होतं.