उणे पाय छेद तीन

केरळातल्या ओट्टप्पालमच्या शाळेत कृष्णनुण्णी माशांनी, म्हणजे मास्तरांनी, बत्तीस वर्षं बारावीला गणित शिकवलं. आता त्यांना बायकोचं नावही आठवत नव्हतं. ती, म्हणजे देवकी, त्याच शाळेत गणित शिकवायची, म्हणून ते तिला नुसतं ‘टीचर’ म्हणत. माणसं पुसली गेली तरी त्रिकोणमितीतल्या किमती त्यांच्या डोक्यात शाबूत होत्या. रोज सकाळी कंजी, म्हणजे तांदळाची पेज, भरवताना ती त्या विचारायची.

“साइन इन्व्हर्स एक छेद दोन?”

“पाय छेद सहा. इतकं सोपं काय विचारता, टीचर?”

“बरं, कॉस इन्व्हर्स उणे एक छेद दोन?”

हा त्यांचा लाडका प्रश्न. उत्तर दोन पाय छेद तीन. ते शून्य ते पाय यांच्यामध्येच हवं, उणे आलेलं चालत नाही. या एका चुकीपायी त्यांनी कितीतरी पोरांचे कान पिळले होते. नवी नवरी असताना देवकीही इथेच चुकली, तेव्हा ते आठवडाभर तिला चिडवत होते.

आज त्यांनी चमच्याकडे पाहिलं.

“उणे पाय छेद तीन,” ते म्हणाले. तिचा चेहरा पाहून ते घाबरले. “चुकलं का हो, टीचर?”

देवकीच्या हातातला चमचा कलंडला. कंजी त्यांनी नेसलेल्या मुंडूवर सांडली.

“नाही माश, अगदी बरोबर.”

ते खुशीत हसले. तिने त्यांचं तोंड पुसलं, वाटी उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून रडली. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांना एकही किंमत न विचारता भरवू लागली.