वासाचा आकडा

टाकीचं झाकण कडेला सरकवून केमिस्टने मान खाली घातली आणि खोल श्वास घेतला. काहीच आलं नाही. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारच्या ऑपरेटरकडे पाहिलं. त्यांना सगळे मामा म्हणत. मामांच्या नाकपुड्या किंचित फुलल्या, मिशी हलली. तिने वहीत लिहिलं: दोन.

सांडपाण्याच्या वासाला रोज सकाळी शून्य ते पाच असा आकडा द्यायचा, हे तिचं काम. यंत्र एकच वायू मोजतं. बाकीच्यांसाठी नाकच लागतं. टाकीतली दुर्गंधी लाकडाच्या ढलप्यांच्या वाफ्यातून फिरवून बाहेर सोडत. ढलप्या ओल्या असल्या की त्यांतले जिवाणू ती खाऊन टाकत. आकडा तीनवर गेला, की वाफ्यावर पाणी सोडायचं.

सहा महिन्यांपूर्वी ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. घरी दूध करपलं तेव्हा ती ओट्यापाशीच भांडी लावत होती.

"तुझ्या नोकरीत हे वरदानच की गं," नवरा म्हणाला.

तीही हसली. मुलीची वेणी घालताना आता नुसते केस हाताला लागत. ऑफिसात तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. नाक गेलेल्या केमिस्टचं कंत्राट कोण वाढवून देणार?

ती वही मिटत होती, तोच भिंतीपलीकडच्या वस्तीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका फाटकातून आत आल्या.

"अकरा अर्ज केले. तुमच्या वहीत रोज दोन, आणि आमच्याकडे पाहुणा दुसरा घास घेत नाही. आता माझ्यादेखत आकडा द्या."

भिंतीपाशी गेल्यावर त्यांनी पर्समधून तीन चिठ्ठ्या काढल्या.

"पाठीला पाठ लावून उभे राहा. माझ्या वर्गात कॉपी चालत नसे."

"बाई, या वयात परीक्षा?" मामा म्हणाले.

"नापास झालात तर पालकांना बोलावीन."

केमिस्टच्या समोर फक्त भिंत होती. सवयीने दोन लिहिता आलं असतं. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. खरं तर भीती वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

बाईंनी चिठ्ठ्या उघडल्या. त्यांची स्वतःची: पाच. केमिस्टची कोरी. मामांच्या चिठ्ठीवर वाकड्या अक्षरात होतं: मॅडम लिहितील तो.

"म्हणजे काय, मामा?" केमिस्टने विचारलं.

मामा चपलेने माती सारखी करत राहिले. "मला कुठला वास येतोय, मॅडम? तीस वर्षं झाली इथं. तुम्ही शिकलेल्या. तुम्ही वाकून बघायचात, दोन लिहायचात. म्हटलं, दोनच असणार."

"पण तुमच्या नाकपुड्या फुलायच्या."

"मिशी टोचते हो."

केमिस्ट वाफ्यापाशी गेली, बाही सारून कोपरापर्यंत हात आत घातला. वरची ढलपी दमट, खालच्या सगळ्या कोरड्याठाक. हात बाहेर आला तो धुळीने माखून.

"मग सहा महिने इथे वास घेत कोण होतं?" तिने कुणालाच न विचारल्यासारखं विचारलं.

"आम्ही," बाई म्हणाल्या.

मामांनी पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवला. आपल्या कोऱ्या चिठ्ठीवर केमिस्टने लिहिलं, 'मला वास येत नाही', खाली सही केली आणि ती ऑफिसात जायच्या फायलीत लावली. मग ती बाईंजवळ येऊन उभी राहिली.

"बाई, आत्ता कसा येतोय?"

"पाच लिहिलंय ना मी."

"आकडा नको. कसा येतोय, ते सांगा."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग मान वळवून, जरा वेळ घेऊन श्वास ओढला.

"सडक्या अंड्यासारखा. त्याच्यामागून कुजलेला कोबी. आणि घशाशी काहीतरी... गंजलेलं."

केमिस्टने डोळे मिटले होते.

"अजून?"