वकीलसाहेब आणि खळीची बादली

“माझ्या नावाआधीचा ‘वकील’ काढा, मालक.”

तुल्लिओने चष्मा कपाळावर चढवला. “तुझ्या आईने स्वतः येऊन सांगितलंय बाबा. ‘शोकाकुल पत्नी इन्कोरोनाता आणि पुत्र वकील साबिनो.’ मी कशाला मध्ये पडू?”

“चिकटवायचंय मलाच ना? मग काढा.”

तुल्लिओने काढला. त्याचं अंत्यविधीच्या सामानाचं दुकान होतं. गावात कुणी गेलं की त्याच्या नावाचे मोठे कागद तो छापायचा, आणि ते भिंतीभिंतीवर चिकटवायचं काम साबिनोचं. आज कागदावर त्याच्या बापाचं नाव होतं, जेरार्दो न्हाव्याचं.

साबिनो नापोलीहून कायद्याची पदवी घेऊन आला, तेव्हा त्याच्या डोक्यावर नव्या पदवीधरांना घालतात तो लॉरेलच्या पानांचा मुकुट होता. जेरार्दोने तो दुकानातल्या आरशावर टांगला आणि खुर्चीत बसेल त्याला ‘आमचे वकीलसाहेब’ ऐकवायला सुरुवात केली. वकिलीची परीक्षा वेगळी असते आणि ती काही साबिनोला सुटत नाही, हे गिऱ्हाइकांनी विचारलं नाही, बापानेही सांगितलं नाही. त्याच्याबरोबर कायदा शिकलेली ऑर्नेला न्यायाधीश झाली. त्याच वर्गातल्या मोदेस्तिनोने म्हशी पाळल्या. त्याचं चीज आता परदेशात जातं आणि कोर्टाची पायरी न चढल्याबद्दल तो देवाचे आभार मानतो. साबिनो मात्र खळीची बादली घेऊन भल्या पहाटे बाहेर पडायचा, कुणी भेटायच्या आत. गल्ली त्याला वकीलसाहेबच म्हणायची, निम्मे लोक आदराने आणि निम्मे दात काढत. तो मेल्याहून मेला व्हायचा. त्या हाकेला त्याने कधी ओ दिली नाही.

आज अंत्यविधीला ऑर्नेला येणार होती. न्यायाधीशाच्या डोळ्यांसमोर आपलं खोटं बिरुद भिंतीवर नको, एवढंच त्याला कळत होतं.

शेवटचा कागद स्वतःच्या घराच्या दाराशेजारी होता. त्याच्यावरून तो कुंचला फिरवत असतानाच ऑर्नेला आली. तिला बघून आई उंबऱ्यात आली आणि तिने कागद वाचला.

“काहीतरी छापायचं राहिलंय,” आई म्हणाली.

ऑर्नेलाने कागदाकडे पाहिलं, मग बादलीकडे. “छापखान्याची चूक असेल, काकू.”

आपल्यासाठी ती खोटं बोलली, याची साबिनोला अधिकच लाज वाटली. “चूक नाही, आई. मी वकील नाहीये. मी हे कागद चिकटवतो.”

“अगबाई, केवढं गुपित सांगितलंस! तुझ्या बाहीवरची वाळलेली खळ कोण घासून काढतं रे? आणि त्यांनाही ठाऊक होतं.”

“बाबांना?”

“नाहीतर काय! तू बादली घेऊन गल्लीतून पुढे जाईपर्यंत ते दुकानाचं दार उघडायचे नाहीत. आत अंधारात बसून राहायचे. म्हणायचे, पोरगं मला बघून अवघडेल.” आईने पदर शोधावा तसा काळ्या शालीचा काठ तोंडाशी धरला. “जन्मभर गावाला जे सांगितलं, त्यात त्यांना आजच्याच दिवशी खोटं पाडलंस. उद्या पाडायचं होतंस.”

साबिनोला तोंड लपवायला जागा उरली नाही. कागद ओला होता, अजून ओरबाडून काढता आला असता. पण गावभर सगळे तसेच लागले होते.

शवपेटी बाहेर आली. समोरच्या पाववाल्या निकांद्रोने टोपी काढली. दर शनिवारी दाढीला येणारा हाच, आणि सगळ्यात जास्त दात काढणाराही हाच.

“वाईट झालं हो, वकीलसाहेब.”

ऑर्नेला शेजारीच उभी होती. साबिनोने खळीचा हात कोटाला पुसला आणि पुढे केला.

“हो,” तो म्हणाला. “बाबा तुमचं नाव नेहमी काढायचे.”