ऑटोच्या दिव्यातली अळी

दसऱ्यानंतरच्या त्या सोमवारी आमच्या गावात पाय ठेवायला जागा नव्हती. मारुतीच्या पारावर एक महाराज बसले होते आणि माणसांच्या कानांतून, डोळ्यांतून गुलाबी अळ्या काढत होते. जिवंत, वळवळणाऱ्या. काढलेली अळी पितळी ताटलीत पडायची आणि ताटली रांगेतून फिरायची, प्रसाद वाटत असल्यासारखी.

त्या साली कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडाबोंडात गुलाबी अळी शिरली होती. मारेगावपासून पार इकडपर्यंत एक वावर सुटलं नव्हतं. तेव्हा अळी माणसातही शिरते, हे लोकांना पटायला वेळ लागला नाही.

"बोंड में कीडा, पिंड में कीडा," महाराज डोळे मिटून म्हणायचे. "बोंड खाके पेट नहीं भरा, तो आदमी में घुस गया."

स्वतः हिमालयातून आले होते म्हणे. झोळीवर मात्र अदिलाबादच्या साडी सेंटरचं नाव. येताना साडी घ्यायला थांबले असतील.

रांगेत धम्मरत्न दिसला. बावीस प्रतिज्ञा याला तोंडपाठ. कोणी लिंबू कापलं तरी त्याच्याशी तासभर वाद घालणारा माणूस.

"तू बी काय बे?" मी विचारलं.

"कान लय ठणकून राह्यला भाऊ. अन् यात देव कुठी हाय? हा तर इलाज हाय."

मी कुठलाच देव मानत नाही, हे गावाला माहीत आहे. माझी बायको मानते, रोज दिवा लावते. आमचं भांडण भाजीतल्या मिठावरून होतं, देवावरून आजवर झालं नाही. देवाशी माझं वैर असायला तो आधी असायला तर पाहिजे. माझं डोकं फिरतं ते त्याचं नाव पुढे करून माणसाला दवाखान्यापासून अडवणाऱ्यावर. आणि त्या दिवशी उकंडाला अडवलं होतं.

उकंडा तीन दिवस उघड्या अंगानं फवारत होता. आता पाराखाली पडला होता. अंगाला घाम, तोंडातून लाळ, डोळ्यापुढं धुकं. मारेगावचे डॉक्टर महिनाभर सांगत होते की असं झालं की एक मिनिट थांबू नका, आणा. मी माझा ऑटो पाराला लावून, इंजिन चालू ठेवून उभा होतो. त्याची बायको कोकिळा त्याचं डोकं मांडीवरून उचलू देईना.

"अवो, फवारणीचं औषध चढलं त्याले. जाऊ दे मले घेऊन."

"महाराज म्हणते, सुई टोचली तं अळी मेंदूत जाते."

"अन् तू ऐकतं?"

"तुमी देव न मानणारे मानूस भाऊ, तुमाले सारंच खोटं वाटते. पण ताटलीत अळी दिसून राह्यली का नाही? ते सांगा."

दिसत होती. अळी खरी होती. माझ्या सगळ्या वाचलेल्या पुस्तकांत याचं उत्तर नव्हतं.

उत्तर होतं नलूमावशीच्या कमरेला.

नलूमावशी चाळीस वर्षं कापूस वेचते. सकाळचा वेचा आटपून ती बायांसोबत तिथंच उभी होती. कमरेला मोठी ओटी, त्यात पांढरा कापूस. बाजूला पदराची एक लहान गाठ, त्यात कवडी. कवडी म्हणजे अळीनं नासवलेला, पिवळा पडलेला, गच्च झालेला कापूस. तो चांगल्यात मिसळला तर व्यापारी अख्खा माल नाकारतो. म्हणून वेचणारीची बोटं न पाहताही कवडी ओळखतात.

महाराजांनी डब्यातून कापसाचा बोळा काढला, धम्मरत्नाच्या कानाला लावला, मंत्र म्हटला, नखानं बोळा उसवला. अळी.

"महाराज," मावशी पुढं झाली, "बोळा दाखवा बरं."

"माई, पवित्र रुई है. हिमालय की."

"हिमालयात बी कवडी निंघते काय?"

बाया हसल्या. मावशीनं ओटीतून मूठभर पांढरा कापूस काढला. "याच्यानं काढा एक."

"इस पर मंत्र नहीं चढेगा."

"कवडीवर बरा चढते."

महाराज काही बोलायच्या आत ती माझ्या ऑटोपाशी आली. पुढचा दिवा दोन महिन्यांपासून बंद होता, हे तिला माहीत होतं. तिनं पदराची गाठ सोडली, कवडीचा एक बोळा दिव्याच्या काचेला लावला आणि डोळे मिटले.

"याले बी दिसत नाही म्हणते. शिरली असन अळी. बोंड में कीडा, ऑटो में कीडा."

मग नखानं कवडी उसवली. आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या. त्या तिनं फोडल्या आणि आतून गुलाबी अळी निघून रांगेतून फिरत आलेल्या पितळी ताटलीत पडली. वळवळत.

अळी दोन सरक्या जोडून आत लपून बसते. पारावरच्या प्रत्येकानं हे हजार वेळा पाहिलं होतं, मीही. वावरात ओळखतो ते ताटलीत ओळखलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

पहिला धम्मरत्न हसला, दुखरा कान धरून. मग सगळा पार. कोकिळा हसली नाही. ती उठली.

"मावशी, याले पायाकडून उचल," ती म्हणाली. "भाऊ, चला."

मी परत आलो तेव्हा महाराज हिमालयाकडे निघून गेले होते, डबा विसरून. आत कवडीचे वीस-बावीस बोळे होते.

उकंडाला मारेगावहून यवतमाळला हलवलं. पाचव्या दिवशी तो मला म्हणाला, "भाऊ, तुह्या शर्टाची गुंडी तुटली ना." डोळ्यापुढचं धुकं गेलं होतं; मला एवढंच ऐकायचं होतं. कोकिळानं त्याच्या मनगटाला काळा दोरा बांधला होता. दोऱ्यानं सलाईन अडत नव्हतं.

लोकहो, तुम्ही कोणाला हात जोडता ते तुमच्या घरात ठेवा. पण दवाखान्यात जाऊ नको म्हणणारा भेटला, तर त्याचा बोळा आधी आपल्या हातात घ्या आणि उसवून पाहा. शिकलेलं असावं लागत नाही. नलूमावशी सही करायलाही अंगठा उठवते.

आणि माझा दिवा? भर पारावर, मंत्रासकट अळी काढली, तरी तो लागला नाही. मिस्त्रीनं बल्ब बदलला तेव्हा लागला.