ओल्या काजूगरांची दोन पाकिटं

माझ्या फ्रीजरला मासळीचा वास येतो, हे मी मान्य करते. येणारच. आम्ही रत्नागिरीचे. सुरमईच्या तुकड्या आणि सोललेली कोळंबी घरात नसली तर आमच्या ह्यांचा चेहरा उतरतो. म्हणून ओले काजूगर मी दरवर्षी समोरच्या शैलाबेनच्या फ्रीजरमध्ये ठेवते. त्या जैन, त्यांच्या घरात कांदासुद्धा येत नाही. भाईंदर वेस्टला आमच्या बिल्डिंगमध्ये त्याच्याइतका स्वच्छ फ्रीजर दुसरा नाही, असं मी छातीठोकपणे सांगत आले.

माझा भाऊ लवू फेब्रुवारीच्या शेवटी गावाहून पिशवीभर ओल्या काजूबिया पाठवतो. त्या सोलणं म्हणजे काय दिव्य असतं ते ज्याचं त्याला माहीत. हाताला खोबरेल चोपडलं तरी चिकाने बोटांची सालटं निघतात. बी कापायची, गर काढायचा, कोमट पाण्यात टाकून त्याची साल सोलायची, फडक्यावर कोरडा करायचा. मग ताटात एकेक सुटा पसरून फ्रीजरमध्ये दोन तास. कडक झाले की पिशवीत भरायचे, नाहीतर सगळे चिकटून एकच गोळा होतो. यंदा दोन पाकिटं झाली. ती शैलाबेनकडे दिली आणि आम्ही शिमग्याला गावी गेलो.

नंतर मी विसरले. घरात दुसरंच सुरू झालं होतं ना! संजनाला, माझ्या मुलीला, दिवस गेले. सासर जेसल पार्कला, माणसं चांगली. पण चौथा महिना लागला तरी पोरीच्या उलट्या थांबेनात. पाणी प्यायली तरी बाहेर. ऑगस्टमध्ये जितेशने, आमच्या जावयाने, तिला माझ्याकडे आणून सोडलं तेव्हा पाच किलो उतरली होती. बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या.

मी पेज केली, आंबील केली, लिंबू-साखर दिली, मुगाचं पातळ वरण दिलं. वास आला की ती बाथरूमकडे धावायची. शुक्रवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोमवारपर्यंत पोटात काही टिकलं नाही तर ॲडमिट करू. आता थांबून चालणार नाही, बाळाचाही विचार करायला हवा." घरी येताना रिक्षात संजना माझ्या खांद्यावर डोकं टाकून पडली होती. मी तोंडाने "काही होत नाही गं" म्हणत होते आणि आतून पार घाबरले होते.

रविवारी सकाळी ती पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली, "आई, ओल्या काजूची उसळ खाईन मी. लसूण नको घालू."

अहो, तीन महिन्यांत या मुलीने आपणहून कशाचं नाव घेतलं नव्हतं! आणि मागितलं ते काय, तर ऑगस्टात ओले काजू. दुसरी आई असती तर कपाळाला हात लावला असता. मी टाळी वाजवली. "आहेत! अगं, आहेत आपल्याकडे!" म्हणत तशीच समोर गेले आणि बेल वाजवली.

शैलाबेनने दार उघडलं. मी काजू म्हटल्यावर त्या गोंधळल्या. "सुचेताबेन, वो तो मैंने फागण चौमासी पे ही निकाल दिए."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. "निकाल दिए मतलब?"

त्यांनी समजावलं. होळीच्या आदल्या दिवशी त्यांची चौमासी असते. तेव्हापासून दिवाळी होऊन जाईपर्यंत त्यांच्यात काजू-बदाम खात नाहीत, घरातही ठेवत नाहीत. म्हणजे मी गावी पालखी नाचवत होते, तेव्हा इथे माझे काजू घराबाहेर निघाले होते. दहा वर्षं मी काजूगर ठेवतेय, पण दरवेळी शिमग्याला जाण्याआधीच परत आणून संपवायचे. यंदा गडबडीत राहिले. चूक माझीच होती, पण तेव्हा ती दिसते थोडीच! मी भडकले.

"अहो, पाच महिने झाले शैलाबेन! एक शब्द सांगता आला नाही? माझी पोर तिकडे उपाशी मरतेय!"

"आपके दशरथभाई को बोला था ना," त्या बिचाऱ्या घाबरून म्हणाल्या. "वो ड्यूटी के लिए गाँव से पहले आ गए थे. फेंका थोडी है? तीसरे माले पे विमलाबाई को दिया. उनके गले में माळ है, उनका फ्रीज भी एकदम चोखा."

विमलाबाई! दुसरं कोणी मिळालं नाही?

त्यांचा-माझा पंधरा महिने अबोला होता. खिडकीच्या ग्रिलमध्ये मी बोंबील वाळत घातले म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या चारचौघांत बोलल्या की खालून वास येतो, जेवण जात नाही. मीही त्यांना सोडलं नाही. "माळ घातली म्हणजे नाकही सोवळं झालं का?" असं म्हणाले. सगळे हसले. त्या उठून गेल्या. तेव्हापासून त्या जिन्यात दिसल्या की मी तोंड फिरवत होते.

घरात येऊन ह्यांच्यासमोर उभी राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

हे पेपरच्या आडून म्हणाले, "हो."

"मग तोंडात काय गुळणी धरून बसला होतात?"

"विमलाबाईंचं नाव काढलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. म्हटलं, विचारशील तेव्हा सांगू."

आता या माणसाला काय म्हणायचं! पण बोलत बसायला वेळ नव्हता. जिना चढताना मनात येत होतं, अडला हरी गाढवाचे पाय धरी. खरं सांगते, हेच येत होतं. आणि त्याहून मोठी भीती ही की त्यांनी ते केव्हाच खाल्ले असतील. का नाही खाणार? पाच महिने कोण कोणाचं सांभाळतं, तेही अशा बाईचं?

विमलाबाईंनी दार उघडलं. मी ठरवलेलं सगळं विसरले आणि एका दमात म्हणाले, "संजनाच्या पोटात काही टिकत नाहीये. उद्या ॲडमिट करणार आहेत. ती ओले काजू मागतेय. तुमच्याकडे असतील तर द्या, नसतील तर नाही म्हणा, मी रागावणार नाही."

त्या आत वळल्या. मी उंबऱ्यातच उभी. फ्रीज उघडल्याचा आवाज आला, आणि त्या हातात स्टीलचा डबा घेऊन आल्या. झाकणावर कागद चिकटवला होता. 'सुचेता, पहिला मजला.' आत माझी दोन्ही पाकिटं, न फोडलेली. वर आणखी एकेक पिशवी चढवून घट्ट बांधलेली. गर सुटे, पांढरेशुभ्र.

"मे महिन्यात दिवसभर लाईट गेली होती ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मीरा रोडला भाचीकडे ठेवून आले होते. एकदा वितळून परत गोठले की चव जाते."

"रिक्षाने गेलात? माझ्या काजूंसाठी?"

"मग काय, चालत जाऊ? वितळले नसते?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लाज वाटली हो, अगदी पायापर्यंत. "मला का नाही दिलेत आणून?"

"दार वाजवलं असतं तर उघडलं असतंत?"

"नसतं उघडलं," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "बरं, आता बोलत उभ्या राहू नका. बाहेर ठेवून वितळवू नका, तसेच उकळत्या पाण्यात टाका. आणि वाटण भाजू नका, त्या वासाने तिला मळमळेल. नुसतं ओलं खोबरं आणि जिरं."

मी तसंच केलं. तुपात जिरं, एक हिरवी मिरची, काजूगर, शेवटी वाटलेलं खोबरं आणि दोन आमसुलं. ह्यांना म्हटलं सगळ्या खिडक्या उघडा. वाटीत चार चमचे घालून संजनाला दिलं आणि मी पलीकडे मोरी धुण्याचं नाटक करत उभी राहिले. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

पहिला घास गेला. दुसरा गेला. मग ती थांबली, डोळे मिटले, आणि मी बादली घेऊन तयार. हे दारात, पेपर तसाच हातात चुरगळलेला. घड्याळात पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली.

संजनाने डोळे उघडले. "आई, अजून आहे का?"

मी दिलं. तिने दुसरी वाटी संपवली, चमचा चाटला आणि कुशीवर वळून झोपली. मी तासभर तिच्या पाठीशी बसून राहिले. ती हलली की माझं काळीज हलायचं. पण ती घोरत होती. माझी पोर, तीन महिन्यांनी पोट भरून चक्क घोरत होती! जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं.

मग मी बाहेर आले, जिन्यात उभी राहिले आणि वर तोंड करून ओरडले, "विमलाबाई! राहिलं हो, पोटात राहिलं!"

वरचं दार धाडकन उघडलं. इकडे शैलाबेनही बाहेर आल्या, मघाशी ऐकून घेतलेलं सगळं विसरून. मी त्यांचे हात धरले आणि माफी मागितली. विमलाबाई पदर सावरत, कठड्याला धरून जिना उतरत होत्या. गुडघे दुखतात त्यांचे, एकेक पायरी करत येत होत्या. मी चार पायऱ्या वर गेले आणि त्यांना मध्येच मिठी मारली. दोघींनाही रडू आवरेना.